कॅप्टन कोण, ते आधी लिहा

...आणि पंचेचाळीस नाही हो, शेहेचाळीस! एक दिवस! एका दिवसासाठी मला, म्हणजे सहा वर्षं विमान उडवणाऱ्या माणसाला, आमच्या फ्लाइंग क्लबच्या रजिस्टरवाल्या बाई चष्म्यावरून बघत सांगतात, "काका, चेक फ्लाइट झाल्याशिवाय तुम्हाला विमान मिळणार नाही." आता मला सांगा, लायसन कोणाच्या खिशात आहे? माझ्या! शर्टाच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाकिटात, फोटोसकट. फोटो जरा चोरासारखा आलाय ते सोडा, शिक्का तर खरा आहे ना?

बसा, बसा, उभे कशाला? सांगतो सगळं.

माझं दुकान नळांचं. नळ, पाइप, एल्बो, वॉशर, पाणी जिथून जिथे न्यायचं असेल तिथलं सगळं. शिक्षण म्हणाल तर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून घरात एकमत नाही. जे शिकलो ते डब्यावरच्या सूचना वाचून. गिझर आला, सूचना वाचल्या, बसवला. पंप आला, वाचलं, बसवला. आणि चव्वेचाळीसाव्या वर्षी एक गिऱ्हाईक दुकानात विमानाचं जाडजूड पुस्तक विसरून गेलं, तेही वाचलं! तो आठ दिवसांनी पुस्तक न्यायला आला, तोवर मी वाऱ्याच्या प्रकरणापर्यंत पोचलो होतो. झालं, लागलं वेड. दोन वर्षं शिकलो, परीक्षा दिल्या, पडलो, परत दिल्या आणि शेवटी लायसन आलं. दुकानात काउंटरवर तीन दिवस उघडं ठेवलं होतं. लोक वॉशर घेताना वाचून जायचे.

पण एक माणूस काही माझ्या विमानात बसेना. कोण? घरचंच! आमची ही! सहा वर्षं मी विचारतोय, सहा वर्षं ही म्हणतेय, "तुम्ही छानच चालवत असाल हो, मी नाही येणार." शेजारी येऊन गेले, माझा दाढी करणारा येऊन गेला, दुकानाचा गाळामालक येऊन गेला, ज्याने खाली उतरल्यावर भाडं वाढवलं. ही मात्र नाही! मग गेल्या महिन्यात हिच्या मैत्रिणीला तिच्या नवऱ्याने नव्या होडीतून तळ्यात फिरवून आणलं. मैत्रीण आठ दिवस फोनवर होडी, होडी, होडी. नवव्या दिवशी ही मला म्हणाली, "या रविवारी मी येते. एकदाच. हो म्हटलंय तोवर नेऊन आणा."

तुम्हाला सांगतो, हातातला डबा खाली पडला माझ्या! सहा वर्षांनी आलेलं 'हो'! ते असं ओल्या साबणासारखं असतं, जास्त वेळ हातात राहत नाही. सोमवारी सकाळी दुकान न उघडता आधी क्लबवर गेलो रविवारचं विमान नोंदवायला, आणि तिथे त्या बाईंनी बोटं मोजली. शेहेचाळीस!

आता नियम काय, तेही ऐका. आमच्याकडचं सरकार म्हणतं, नव्वद दिवसांत तीनदा विमान नीट उतरवलेलं असेल तर खुशाल माणसं घेऊन जा. माझं सात वेळा उतरवून झालेलं! म्हणजे सरकारला मी चालतो. क्लबला चालत नाही! क्लबचा स्वतःचा नियम, लाल फायलीत, पान चौदा: विमान नोंदवायच्या दिवशी पंचेचाळीस दिवसांहून जास्त खंड पडलेला असेल, तर आधी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून एक चक्कर मारून दाखवायची. ती चेक फ्लाइट. आणि खंड काय मी हौसेने पाडला होता? आधी विमानाचं इंजिन उघडून ठेवलेलं, मग दोन आठवडे वारा आडवा, मग नळाच्या दुकानात, माझ्याच दुकानात, पाइप फुटला! गिऱ्हाइकं हसून हसून गेली.

मी बाईंना म्हटलं, "अहो, शेहेचाळीसावा दिवस म्हणजे आजचा. आज अजून संपलाय कुठे?"

"काका, पाऊण इंचाच्या पाइपला अर्ध्या इंचाचा नळ बसतो का?"

आता धंद्याची गोष्ट निघाली की मला राहवत नाही. "बसतो की! मध्ये रिड्यूसर टाकायचा."

"मग तो रिड्यूसर म्हणजेच चेक फ्लाइट. बुधवारी सकाळी आठला या."

घ्या! माझ्याच दुकानातला माल मलाच विकला. आणि लायसन माझ्या खिशात होतं हो!

बुधवारी आठला गेलो. म्हटलं, कोणी मिशाळ, जाडजूड, खाकरून बोलणारा इन्स्ट्रक्टर असेल. तर कोण यावं? चिमणी! सगळा क्लब तिला चिमणी म्हणतो, तिच्यादेखतसुद्धा. वय चोवीस, उंची काउंटरच्या वर जेमतेम, आवाज असा की रेडिओवरून टॉवरवाल्यांना वाटतं शाळेतून फोन आलाय. ही मुलगी बापाचं बोट धरून माझ्या दुकानात वॉशर घ्यायला यायची! मी हिला लिमलेटची गोळी दिलेली आहे. आणि ही मला तपासणार! हजार तास विमान उडवलेलं आहे म्हणे पोरीने. असेल. पण लायसन माझ्याही खिशात होतंच की!

विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, चाकं, तेल, पंखांच्या कडा, टाकीत पट्टी बुडवून इंधन. चिमणी हात मागे बांधून नुसती बघतेय. मग आत बसायच्या आधी तिने नोंदवही पुढे केली. "काका, कॅप्टन कोण? ते आधी लिहा."

मी म्हटलं, "अहो मॅडम, तुम्ही असताना मी कशाला? तुमचंच नाव टाका."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही मोठ्या, म्हणजे वयाने नाही, पण... मान तुमचा."

"काका, हे काय समारंभाचं आमंत्रण आहे? लायसन कोणाच्या खिशात आहे?"

ऐका! माझंच वाक्य!

"माझ्या."

"चालू आहे ना? मुदत संपलेली नाही ना? सरकारच्या लेखी तुम्ही आजही माणसं नेऊ शकता ना? मग कॅप्टन तुम्ही. मी शेजारी बसून बघणार. निर्णय तुमचे, चुका तुमच्या, विमान कुठे आपटलं तर पहिला प्रश्न तुम्हाला. जिवावरची वेळ आली तरच मी 'माझ्याकडे कंट्रोल' म्हणेन, तेव्हा तुम्ही दोन्ही हात सोडायचे. तोवर मी नाहीच असं समजा. हे जमिनीवर ठरलेलं बरं. वर गेल्यावर दोघांनाही वाटतं, दुसरा बघतोय."

लिहिलं बुवा. कॅप्टन: मी.

आणि उडालो! काय सांगू, झकास! सरळ उड्डाण, डावं वळण, उजवं वळण, इंजिन मंद करून दाखव, वेग पडू देऊन परत सावर, सगळं लोण्यात सुरी. मी मनात म्हणतोय, बघ पोरी, बघ. तेवढ्यात चिमणी म्हणते कशी, एकदम लाडात, "काका, ती निळी गच्ची दिसते ना? माझी आत्या राहते तिथे. जरा खाली घ्या ना, हात करते तिला."

आता इथे तुम्हाला माझ्या दुकानाचा नियम सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या दुकानात 'नाही' हा शब्द नाही. माल संपला तर "येतोय, परवा येतोय" म्हणायचं. एकदा एक माणूस भर पावसात शिरला आणि म्हणाला, छत्री आहे का? नळाच्या दुकानात! मी काय म्हणालो असेन? "बसा, चहा घ्या." पलीकडच्या दुकानातून छत्री मागवून त्याला दिली. तो माणूस गेली अठरा वर्षं माझ्याकडून पाइप नेतोय. तीन इमारती बांधल्या त्याने! तर असं आहे. शेजारी बसलेल्या माणसाने काही मागितलं की माझं तोंड आपोआप उघडतं आणि त्यातून 'हो' बाहेर पडतं. आतून शिंक येते तसं.

"हो, घेऊ की!" म्हटलं, आणि घेतलं खाली. आत्या दिसली. वाळत घातलेली चादर दिसली. चादरीवरची फुलं मोजता आली असती, इतकं खाली.

मग म्हणाली, "काका, तो ढग किती गोंडस आहे! जवळून जाऊ या?"

"जाऊ की!"

"घाई नाही ना? अजून एक चक्कर?"

"मारू की!"

आणि मग उतरायची वेळ. आत्या झाली, ढग झाला, या सगळ्यात मी धावपट्टीकडे आलो तो कसा? उंच! आणि वेगात! पट्टी पायाखालून पळतेय आणि मी अजून दोन मजले वर. आता ह्याला उपाय एकच, पुस्तकात आहे, मला तोंडपाठ आहे: इंजिन पूर्ण द्यायचं, वर निघून जायचं, फिरून परत यायचं. मी ते म्हणणारच होतो, तेवढ्यात शेजारून गोड आवाज, "बसवा काका, बसेल."

आणि मी काय म्हणालो? तुम्हीच सांगा मी काय म्हणालो असेन!

"बसवू की!"

नाक खाली घातलं. पट्टी संपत आली. पलीकडचं कुंपण दिसलं. कुंपणापलीकडची म्हैस दिसली. म्हशीने मला बघितलं. आणि एकदम, त्या चिमणीच्या घशातून कोणाचा आवाज आला देव जाणे, "माझ्याकडे कंट्रोल!"

सोडले हात. इंजिन गरजलं, विमान वर, कुंपण खाली, म्हैस खाली.

तिने गोल फिरून आणलं, शांतपणे पट्टीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "घ्या, तुमच्याकडे कंट्रोल." मी उतरवलं. छान उतरवलं! इंजिन बंद झालं. मीच म्हटलं, "ते तुम्हीच म्हणालात ना, बसवा?"

"म्हणाले."

"खाली घ्या, तेही तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले की. काका, तुमचे हात उत्तम आहेत. हात बघायला आले नव्हते मी."

"मग?"

"कॅप्टन बघायला आले होते. तो कुठे दिसला नाही."

घ्या! लायसन माझ्या खिशात होतं हो, पण त्या क्षणी ते असं चटका देत होतं छातीला! म्हटलं, "मग रविवार?" ती म्हणाली, "शनिवारी सकाळी परत या. जमलं तर रविवार."

घरी आलो. हिने तोंड बघून ओळखलं. मी सगळं सांगितलं, म्हैस वगळून. मला वाटलं आता ही म्हणणार, गेलं माझं 'हो' परत. तर ही हसायला लागली. भाजी ढवळता ढवळता चमचा खाली ठेवून हसली! "मग सहा वर्षं मी का येत नव्हते, असं वाटलं तुम्हाला? विमानाची भीती? अहो, तुमचा गाळामालक म्हणाला असता 'चला चंद्रावर', तर तुम्ही म्हणाला असता 'जाऊ की'! त्या पोरीने एका चकरेत ओळखलं, मला तर लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

"मग शिकव ना," म्हटलं.

"ठीक आहे. भाजी वाढू अजून?"

"वाढ."

"नापास."

असे तीन दिवस! उठता बसता परीक्षा! "चहा गार झालाय, चालेल?" "चालेल." "नापास." "माझा फोन जरा पुसून देता?" "दे." "नापास!" दुकानातसुद्धा सराव सुरू केला. माझा जुना प्लंबर आला, तीस वर्षांचा संबंध, म्हणाला, "शेठ, हा एल्बो बदलून द्या, मोठा पडला." मी डोळे मिटले, काउंटर घट्ट धरला आणि म्हटलं, "नाही." त्याने एल्बो काउंटरवर ठेवला. मग हळूच म्हणाला, "शेठ, घरी सगळं ठीक आहे ना?" एल्बो बदलून दिला मी, काय करणार, पण 'नाही' म्हणून झाल्यावर! म्हणजे अर्धं तरी जमलंच की.

शनिवार. चिमणी, नोंदवही, "कॅप्टन कोण?" मी ठसठशीत लिहिलं: मी. उडालो.

"काका, आत्या आज मुद्दाम गच्चीत उभी आहे हो, खास..."

"नाही."

"ढग..."

"नाही."

"खिडकी जरा उघडते, गरम होतंय."

"नाही!"

"खरंच गरम होतंय, काका."

"नाही म्हणजे नाही!"

तेवढ्यात रेडिओवरून काही बोलणं आलं, मी तितक्याच जोरात बटण दाबून, "नाही!"

चिमणीने कपाळाला हात लावला. "काका, तो टॉवर आहे. त्यांनी फक्त वाऱ्याची दिशा सांगितली. त्याला 'समजलं' म्हणायचं."

असो! नवीन हत्यार हातात आलं की माणूस थोडं इकडेतिकडे चालवतोच. पण उतरताना काय झालं बघा. वारा एकदम उचलायला लागला, मी परत जरा उंच. शेजारून तोच गोड आवाज, "बसेल की हो, काका..." आणि मी, कोणाला न विचारता, कोणाच्या तोंडाकडे न बघता, "नाही, फिरून येतो," म्हणून इंजिन दिलं आणि निघालो वर! फिरून आलो, असं अलगद टेकवलं की चाकांनाही कळलं नसेल. चिमणीने नोंदवहीत सही केली. म्हणाली, "हे लक्षात ठेवा, उद्या मागे कोणीही बसू दे, कितीही जवळचं असू दे. तोलायचं तुम्ही, ठरवायचं तुम्ही, निस्तरायचं तुम्ही. आतमध्ये कॅप्टन एकच."

मी घरी आलो तो छाती अशी पुढे! ही म्हणाली, "पास?" म्हटलं, "पास." ही म्हणाली, "मग मी खरंच येते." 'खरंच' म्हणाली! म्हणजे आधीचं 'हो' फक्त होडीमुळे होतं, हे माझ्यामुळे! सहा वर्षांनी! लायसन खिशातून काढून एकदा नीट बघितलं. फोटोसुद्धा बरा वाटला.

रविवार. दुपारी तीन ते चार विमान माझं. आकाश असं स्वच्छ, काच पुसल्यासारखं. मी क्लबवर आधीच पोचलो, विमान तपासलं, सीटा पुसल्या, हिच्यासाठी मऊ उशी आणली. तीनला पाच कमी असताना गाडी थांबली. ही उतरली, नवा स्कार्फ, काळा चष्मा, काय दिसत होती! आणि मागच्या दारातून... हिचा थोरला भाऊ उतरला. आणि त्याची बायको. दादा आणि वहिनी!

"अहो, सकाळी अचानक आले," ही म्हणाली. "संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. म्हटलं, चार सीटा आहेत ना? सगळेच जाऊ!"

दादा विमानाच्या पंखावर थाप मारत म्हणाले, "बरंच लहान आहे की, जावईबापू. हे उडतं का?"

सीटा चार आहेत हो! पण चार सीटा म्हणजे चार माणसं नव्हेत, ते वजनावर असतं, आणि त्या दिवशीचं ऊन आणि टाकीतलं इंधन धरून आत माणसं आणि सामान मिळून दोनशे सत्तर किलो, वर एक छटाक नाही. मी कागद काढला. म्हटलं, आता कॅप्टन! "दादा, वजन?"

"ऐंशी."

तुम्हाला सांगतो, मी तीस वर्षं लोखंडी पाइप नजरेने तोलतोय. ऐंशी? ऐंशी तर दादांचा आवाज असेल! पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, "ऐंशीच लिहितो." पण मी म्हटलं, "नाही. काट्यावर या." हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, सामान तोलायचा काटा आहे, त्यावर उभं केलं. एकशे आठ! दादा म्हणाले, "बूट जड आहेत." वहिनी चौऱ्याहत्तर. ही आपणहून चढली, अठ्ठावन्न, मान ताठ. मी माझे लिहिले, एक्क्याऐंशी. बेरीज? तीनशे एकवीस!

हँगरच्या दारात चिमणी उभी. नुसती बघतेय.

मी पेन खिशाला लावलं आणि म्हटलं, "नाही. चौघांना जमणार नाही. एकाला खाली राहावं लागेल." आणि प्रेमाने, खूपच प्रेमाने, दादांकडे बघितलं.

वहिनी म्हणाल्या, "हे नसतील तर मी नाही बाई बसणार."

दादा म्हणाले, "मी नसलो तर ही घाबरते."

म्हटलं, दोन फेऱ्या करू. तर चारला पुढच्या माणसाचं विमान, तो गळ्यात हेडफोन अडकवून बाकावर येऊन बसलेलाच! तेवढ्यात ही पुढे झाली, स्कार्फ सोडला आणि म्हणाली, "दादा-वहिनी पाहुणे आहेत. ते जातील. मी राहते."

"नाही!" मी म्हटलं. असा आवाज निघाला माझा, बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. "नाही! ही चक्कर तुझी आहे. सहा वर्षं! कॅप्टन मी आहे, आणि मी नाही म्हणतोय!"

हिने चष्मा वर केला. शांतपणे म्हणाली, "कॅप्टन विमानात. आपण अजून विमानात बसलो कुठे?"

मी चिमणीकडे बघितलं. काही नियम, काही पान, काही? चिमणी वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नारिंगी पिशवी फार बारकाईने बघायला लागली होती.

गेलो! काय करता? हिच्या उशीवर दादा बसले. वर गेल्यावर म्हणाले, "जरा खाली घ्या." म्हटलं, "नाही." "तिकडून घ्या." "नाही." "काच उघडते का?" "नाही!" तुम्हाला सांगतो, लग्नानंतर पहिल्यांदा मेव्हण्याला नाही म्हणालो, एकदा नाही, नऊदा! तेवढं एक सुख. वहिनींनी उडताना मिटलेले डोळे उतरल्यावरच उघडले आणि विचारलं, "निघायचं का आता?" आणि मी वरून काय बघतोय? हँगरसमोर बाकावर दोन ठिपके. एक स्कार्फवाला, एक चिमणी. शेजारी शेजारी बसून चहा पितायत आणि हातवारे करून बोलतायत.

उतरलो. इतकं सुंदर लँडिंग आयुष्यात झालं नव्हतं, आणि बघायला आत कोण? नवव्या 'नाही'नंतर झोपलेले दादा आणि डोळे मिटलेल्या वहिनी! ही धावत आली. "काय छान दिसत होतं हो, खालून!" म्हटलं, "वरून दाखवायचं होतं तुला." तर म्हणाली, "बघणार आहे की! पुढच्या रविवारी मी जातेय वर. ठरलं आमचं."

"माझ्याबरोबर?"

"चिमणीबरोबर. ती चालवणार, मी पुढे तिच्या शेजारी बसणार. शिकायचंही म्हणतेय मी, तिने विचारलं, मी हो म्हटलं."

"आणि मी?"

"तुम्ही या की! मागे जागा आहे."

मागे! लायसन माझ्या खिशात होतं हो, आणि मी मागे! पण सहा वर्षांनी एकाच विमानात बसणार होतो ना आम्ही, पुढे काय अन् मागे काय? म्हटलं, "येतो की."

चिमणीने कागद काढला. "काकू अठ्ठावन्न, मी सत्तेचाळीस. काका, तुमचं वजन?"

"एक्क्याऐंशी."

"काट्यावर या."

"अहो, मघाशीच नाही का लिहिलं?"

"लिहिलंत. उभे कुठे राहिलात?"

राहिलो उभा. सगळे बघतायत. दादा तर चष्मा लावून पुढे आले. काटा हलला, डुलला आणि थांबला. सत्त्याऐंशी. चिमणीने मनातल्या मनात बेरीज केली, दादा, वहिनी आणि हा काटा. "दोनशे एकोणसत्तर. एका किलोने वाचलात, काका." मग मघाचा कागद माझ्यासमोर धरला, एक्क्याऐंशीवर बोट ठेवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हा आकडा न तोलता कोणी लिहिला?"

म्हटलं, "कॅप्टनने."